सुशांतच्या तोंडाची बातमी

रविवार, १९ एप्रिल १९९८. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका दुमजली घराच्या फाटकाला, जिन्याच्या कठड्याला आणि वरच्या मजल्याच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधलेले आढळले. घरात कोणीही आजारी नव्हतं.

घर माझं. म्हणजे भाड्याचं, पण वरचा मजला माझा.

बातमी एवढीच. आता तपशील.

मी पद्मनाभ, इथल्या एका इंग्रजी दैनिकात मुख्य उपसंपादक. सतरा वर्षांत माझ्या हातून एकही चुकीची बातमी छापून गेलेली नाही! नवा वार्ताहर आला की त्याला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगतो, "एकानं सांगितलं तर ती अफवा, दोघांनी सांगितलं तर ती बातमी." ऑफिसात माझ्यामागे मला 'दोन सूत्रं' म्हणतात. मला त्याचा अभिमान आहे. म्हणजे त्या रविवारी सकाळी सात वाजून नऊ मिनिटांपर्यंत तरी होता.

सुशांत हा माझ्या बायकोचा, अंजलीचा धाकटा भाऊ. पुण्याहून आला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत लागला आणि आमच्याकडेच राहिला. तिथेच त्याचं रंजिताशी जमलं. रंजिता बेळगावची. तिचे वडील खंडोजीराव गुळाचे मोठे अडते. मुलाचा फोटो पाठवा, असा त्यांचा निरोप आला, तसा अंजलीनं सुशांतला गांधी बझारातल्या एका स्टुडिओत नेऊन बसवला.

घोटाळा तिथून सुरू झाला. स्टुडिओवाल्यानं फोटोला असं काही टच-अप केलं, की सुशांत सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा दिसायला लागला! मूळ सुशांत खसखस लावलेल्या अनारशासारखा आहे. त्यात रोज स्कूटरवरून होसूर रोडनं जाऊन-येऊन तो अनारसा करपलेलाही होता.

बेळगावहून उत्तर आलं, "मुलगा पसंत पडण्यासारखा आहे. प्रत्यक्ष बघायला १९ तारखेला येतो."

रंजितानं चेहरा पाहिला होता, वडिलांनी फोटो. मधली दरी पंधरा दिवसांत बुजवायची होती.

"ताई, मी खरं सांगून टाकतो त्यांना," सुशांत म्हणाला.

"काय सांगणार? की फोटो माझा आहे पण तोंड माझं नाही?" अंजली म्हणाली.

नेमक्या त्याच आठवड्यात एका परदेशी कंपनीची मोठ्या हॉटेलात पत्रकार परिषद झाली. निघताना प्रत्येकाला एक पिशवी मिळाली. पिशवी मिळाली की बातमी दोन परिच्छेदांनी लांबते, अशी आमच्या धंद्यातली रीत आहे. मी ती पाळत नाही. मी फक्त पिशवी घेतो. पिशवीत जाडजूड ट्यूब होती. सनस्क्रीन!

"सुशांत," मी जाहीर केलं, "तुझं लग्न मी या ट्यूबमधून बाहेर काढतो."

त्यानं झाकण उघडून वास घेतला. "दाजी, हे खोबरेल आहे."

"सनस्क्रीन आहे. उन्हापासून संरक्षण. काळवंडणार नाहीस, चेहरा शांत होईल, पुटकुळ्या बसतील."

"पुटकुळ्या बसतील असं लिहिलंय?"

"ओघानं आलंच ते."

अंजलीनं ट्यूब हातात घेऊन पिळून पाहिली. तिच्या बोटावर लोण्याचा गोळा आला. "अहो, याच्या तोंडावर आधीच इतकं तेल आहे की पापड तळून निघतील. त्यात आणखी हे?"

"लेबल वाच. 'सढळ हाताने लावा. दर दोन तासांनी पुन्हा लावा.' छापलेलं आहे."

"छापलेलं आहे म्हणजे खरं?"

"छापलेलं खरं असतं म्हणूनच मला पगार मिळतो."

"आणि हा चित्रातला गोरा बघा. समुद्रावर पालथा पडलाय. आपला मुलगा होसूर रोडवर स्कूटर चालवतो."

"सूर्य एकच आहे!" मी म्हणालो. वाक्य चांगलं होतं. मथळा झाला असता.

मी एकदा काम अंगावर घेतलं की अर्धवट सोडत नाही. सुशांत निघताना सढळ हातानं थर द्यायचा. मग दर दोन तासांनी मी ऑफिसातून त्याच्या कंपनीत फोन करायचो. "लावलंस?" "लावलं, दाजी." "सढळ?" "सढळ." चौथ्या दिवशी त्यांची टेलिफोन ऑपरेटर मला हळूच म्हणाली, "सर, तुमच्या पेशंटला जोडून देते."

ट्यूब तिचं काम करत होती, धूळही आपलं काम करत होती. होसूर रोडवरची धूळ रोज सुशांतच्या तोंडावर यायची आणि आयटीतल्या माणसांसारखी इथेच कायमची स्थायिक व्हायची. त्यावर दुपारचा थर, त्यावर संध्याकाळची धूळ! आठवड्यानं कपाळावर चार-दोन नवे फोड दिसले. मी शांतपणे निष्कर्ष काढला: प्रमाण कमी पडतंय.

प्रमाण वाढवलं.

शनिवारी, म्हणजे खंडोजीराव येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी सुशांत न्हाणीघरातून बाहेर आला तो टॉवेल तोंडावर धरूनच.

"काढ तो टॉवेल," अंजली म्हणाली.

त्यानं काढला. कपाळ, गाल, हनुवटी, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या! एचएसआर लेआउटमध्ये अजून मोकळे प्लॉट आहेत, सुशांतच्या तोंडावर एकही नव्हता.

"दाजी," तो शांतपणे म्हणाला, आणि ती शांतता फार वाईट होती, "उद्या अकरा वाजता रंजिताचे वडील येणार आहेत. ते मला नाही म्हणाले ना, तर मी जन्मभर तुमच्याकडेच राहीन."

या धमकीचा माझ्यावर परिणाम झाला.

अंजलीनं ट्यूब माझ्यासमोर आपटली, त्याचं तोंड साबणानं धुतलं आणि औषधाच्या दुकानातून कॅलामाईन आणलं. तेच ते गुलाबी लोशन, खाज आली की लावतात ते. कापसाच्या बोळ्यानं तिनं एकेका फोडावर एकेक गुलाबी ठिपका दिला. काम संपलं तेव्हा सुशांत उत्सवात रंगवलेल्या हत्तीसारखा दिसत होता. "पंख्याखाली पड. हलू नकोस. बोलू नकोस. हसू तर नकोसच," अशी ताकीद देऊन ती पाहुण्यांसाठी भाजी-फुलं आणायला गांधी बझारात गेली. मी माझ्या पाळीला ऑफिसात गेलो.

यानंतरचा भाग मी प्रत्यक्षदर्शी म्हणून सांगत नाही. पण दोन सूत्रांकडून खात्री केली आहे.

दुपारी आमच्या घरमालकीण चंपाक्का वर आल्या. चंपाक्का खाली राहतात. त्यांच्या घराण्याला बंगळूरला येऊन इतक्या पिढ्या झाल्या, की त्यांच्या मराठीत आता मराठी पाहुण्यासारखी येते. आमचं पातेलं परत करायला त्या आल्या होत्या. दार ढकललं. समोर चटईवर सुशांत डोळे मिटून उताणा, पांढऱ्या बनियनमध्ये, तोंडभर फोड आणि प्रत्येक फोडावर गुलाबी ठिपका.

एप्रिल महिना. कडक ऊन. अंगणातला कडुलिंब फुललेला.

इकडे कांजिण्यांना कोणी कांजिण्या म्हणत नाही. अम्मा आली म्हणतात. देवीच घरात मुक्कामाला येते, तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं नसतं, तिला डिवचायचं नसतं, तिचा मान ठेवायचा असतो. चंपाक्कांनी पातेलं जमिनीवर ठेवलं, हात जोडले आणि पाठ न दाखवता उलट्या पावलांनी जिना उतरल्या. त्यांच्या गुडघेदुखीचा विचार करता हा पराक्रमच!

अंजली पिशव्या घेऊन परतली तेव्हा फाटकावर कडुलिंब लागला होता आणि चंपाक्का तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"स्वल्प थांब. पाय धू. मग वर जा."

"काय झालं, अक्का?"

"तुला ठाऊक नाही? घरात आल्यात त्या."

"कोण आल्यात?"

चंपाक्कांनी नुसतं वर बोट केलं. अंजलीच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो नाही, अक्का! त्या साध्या पुटकुळ्या आहेत! यांनी ते क्रीम लावायला लावलं ना, त्यानं..."

"सरी, सरी," चंपाक्का समजूतदारपणे म्हणाल्या. "असंच म्हणायचं असतं. नाव नाहीच घ्यायचं. शहाणी आहेस. आता घरात फोडणी-ओग्गरणी काही घालायची नाही. तळण नाही. केस विंचरायचे नाहीत. आणि आलेल्या माणसाला जा म्हणायचं नाही."

नाकारावं तेवढी खात्री पटत होती! अंजली जितक्या वेळा "पुटकुळ्या" म्हणाली, तितक्या वेळा चंपाक्कांनी तिच्या भक्तीचं कौतुक केलं. शेवटी तिनं ठरवलं, की नवऱ्याचं कन्नड बरं आहे आणि चूकही त्याचीच आहे, तेव्हा सकाळी त्यानंच निस्तरावं.

तिकडे ऑफिसात रात्रीची पानं लावताना माझ्या टेबलावर एक छोटी बातमी आली. वार्ताहर त्रिविक्रम, नवा, हुशार, आमच्याच भागात राहणारा. 'बसवनगुडीत कांजिण्यांची लक्षणं; घरावर कडुलिंब.' मी नेहमीप्रमाणे त्याला बोलावलं.

"किती सूत्रं?"

"दोन, सर. त्याच इमारतीत राहणारे. वेगवेगळं विचारलं."

"शाब्बास! घराचा पत्ता, नावं?"

"नावं टाळली आहेत, सर. रस्ता दिलाय."

रस्ता मी वाचला नाही. जागा कमी होती, मी तेवढी ओळ कापली. आणि त्रिविक्रमची पाठ थोपटली! घरी आलो तेव्हा वीज गेलेली होती आणि अंजली झोपली होती. जिन्यात काहीतरी पाल्यासारखं तोंडाला लागलं. चंपाक्कांनी काहीतरी वाळत घातलं असेल, असं समजून मी झोपलो.

आणि असे आपण सात वाजून दहा मिनिटांवर येतो. मी दूध घ्यायला दार उघडलं, कडुलिंब पाहिला, पायाशी पडलेला पेपर उचलला, तिसरं पान उघडलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझीच बातमी माझ्याच दारात उभी राहिली.

खाली धावलो. चंपाक्का तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांचे यजमान कृष्णाजी व्हरांड्यात शहाळी सोलत होते.

"चंपाक्का, वार्ताहराला तुम्ही सांगितलंत?"

"मी नाही बाई सांगत कोणाला. त्यानं विचारलं, मी हो म्हटलं."

"आणि दुसरं कोण?"

कृष्णाजींनी शहाळ्यावरून मान वर केली. "मी."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. ही म्हणाली."

सतरा वर्षं मी ज्या नियमाची पूजा केली त्याची दोन्ही सूत्रं एकाच पलंगावर झोपत होती.

"चंपाक्का, अकरा वाजता सुशांतला बघायला माणसं येणार आहेत. तेवढे डहाळे काढू का?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "काढा. पण मग आई रागावली आणि उद्या तुमच्या तोंडावर आली तर माझ्याकडे यायचं नाही."

कृष्णाजींनी सुशांतसाठी दोन शहाळी माझ्या हातात दिली.

मी वर येऊन त्रिविक्रमला फोन लावत राहिलो; तो नऊच्या सुमाराला सापडला. "त्रिविक्रम, ती बातमी चुकीची आहे. उद्या खुलासा घ्यायचा."

"सर, तुम्हाला कसं कळलं?"

"ते घर माझं आहे!"

पलीकडे त्यानं वही उघडल्याचा आवाज आला. मग तो अदबीनं म्हणाला, "सर, ज्याचा संबंध आहे त्याचं म्हणणं सूत्र धरायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंय. दुसरं कोणी आहे का?"

"माझी बायको आहे!"

"सर..."

मी फोन ठेवला. मुलगा फार पुढे जाईल. माझ्या दुर्दैवानं मीच त्याला घडवला आहे.

इतक्यात फाटक वाजलं. अकराला यायचे ते खंडोजीराव नऊलाच! रात्रीच्या बसनं आले होते आणि रंजिता त्यांना स्टँडवरून घेऊन आली होती. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, एका हातात गुळाची ढेप, दुसऱ्या हातात आमचा पेपर. खिशातून सुशांतचा तो अंड्यासारखा फोटो डोकावत होता.

अंजलीनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. "जा, काहीतरी बोला! परत गेले तर हा आपल्याकडे जन्मभर राहणार आहे!"

मी जिना उतरलो. "या, या. खंडोजीराव, वस्तुस्थिती अशी आहे की..."

ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते फाटकावरच्या कडुलिंबाकडे बघत होते. मग त्यांनी ढेप रंजिताकडे दिली, चपला फाटकाबाहेर काढल्या आणि हात जोडले.

"काय वो, आधी सांगायचं न्हाई काय? पोरीकडनं पेपर वाचून घेटलो स्टँडवर. बसवनगुडी म्हटल्यावर तुमची आठवण झाली बघा. पर आई तुमच्याच घरात आली असंल असं वाटलं न्हवतं!"

"नाही, म्हणजे ते तसं..."

"आमचं कुलदैवत सौंदत्तीची यल्लम्मा. तुमी काय बोलू नका. नाव घ्यायचं न्हाई. मला कळतंय की!"

आणि ते जिना चढले. कठड्यावरच्या प्रत्येक डहाळीला नमस्कार करत. मागून रंजिता. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तिला सगळं ठाऊक होतं! पंधरा दिवस ती सुशांतच्या समोरच्या टेबलावर बसून तो दर दोन तासांनी तोंडाला लोणी फासताना पाहत होती.

वर सुशांत तयार होऊन बसला होता. बिचाऱ्याला वाटत होतं, आता फोटो निघेल, तोंडासमोर धरला जाईल आणि खेळ संपेल. त्यानं डोळे मिटले.

खंडोजीराव समोर उभे राहिले. टोपी नीट केली. आणि तो धिप्पाड माणूस गुडघ्यावर बसून, चटईला कपाळ टेकवून माझ्या मेहुण्याच्या पाया पडला!

सुशांतनं डोळे उघडले. समोर होणाऱ्या सासऱ्याची टोपी. त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला, त्याला मी भाषा म्हणणार नाही. खंडोजीराव शहारले. "आई बोलली," ते पुटपुटले.

"खंडोजीराव," मी पुन्हा घसा साफ केला. सत्य सांगणं माझा धंदा आहे. "ही देवी वगैरे नसून एक परदेशी..."

अंजलीचा पाय माझ्या पायावर पडला. तो तिथेच राहिला.

"परदेशी?" खंडोजीरावांनी विचारलं.

"अप्पा," रंजिता पहिल्यांदाच बोलली, अगदी खालच्या आवाजात, "इथं प्रश्न विचारू नका."

"खरंय. आता काय इचारायचं?" खंडोजीराव उठले. "पगार किती, शिगरेट ओढतोस काय, घर कधी बांधणार, सगळं लिहून आणलो होतो. पर जिथं आईच राहायला आली, तिथं आमी कोण इचारणार? पोरगा पसंत!" त्यांनी खिशातला फोटो काढला. त्यांनी तो चेहऱ्याशेजारी वगैरे धरला नाही. सुशांतच्या पायाशी ठेवला आणि मागोमाग वर आलेल्या चंपाक्कांनी तत्परतेनं पुढे केलेल्या करंड्यातून त्यावर कुंकू वाहिलं. टच-अप केलेल्या गालावर!

सगळे हसलो. म्हणजे चंपाक्का आणि खंडोजीराव सोडून सगळे, आणि तेही आतल्या आत.

"पर एक हाय," निघताना खंडोजीराव फाटकापाशी थांबले. "आई गेली तरी तोंडावर खूण ठेवून जाती. मी आता नवस बोललोय. तिसऱ्या शुक्रवारी येतो, पोराला सौंदत्तीला नेतो. आईच्या खुणा असलेला जावई तिच्या पायावर घालायचा, ओटी भरायची, आणि तिथंच तारीख काढायची. खुणा न्हाई दाखवल्या तर नवस खोटा. मग लग्नाचं बोलायचं न्हाई."

"खुणा राहतातच हो," चंपाक्का म्हणाल्या.

"राहतीलच की!" खंडोजीराव म्हणाले आणि ढेप आमच्या हवाली करून गेले.

त्यानंतर चंपाक्कांच्या देखरेखीखाली घर चाललं. फोडणी बंद, तळण बंद. सुशांतला रोज शहाळं, ताक, मऊ भात. उन्हात जायचं नाही, तोंडाला काही लावायचं नाही, हात लावायचा नाही. ऑफिसला रजा. ट्यूब कपाटाच्या वर.

दहाव्या दिवशी अंजलीनं त्याला खिडकीशी नेऊन पाहिलं आणि मला हाक मारली. मी चष्मा पुसून पाहिलं. कपाळ स्वच्छ. गाल स्वच्छ. नाकाचा शेंडा लखलखीत. खसखस गेली, अनारसाही गेला. तो हुबेहूब स्टुडिओतल्या फोटोसारखा दिसत होता! आयुष्यात पहिल्यांदा!

"आईची कृपा," चंपाक्का म्हणाल्या. पण दोन दिवसांनी त्यांच्या कपाळाला आठी पडली. "एकही खूण नाही? असं कसं?"

तोच प्रश्न आम्हाला आधीच पडला होता.

"सरळ खरं सांगू या," मी म्हणालो. "एक खुलासा. सौम्य शब्दांत."

"काय सांगणार?" अंजली म्हणाली. "की तुम्ही ज्याच्या पाया पडलात ती देवी नव्हती, यांच्या पत्रकार परिषदेतलं क्रीम होतं?"

सुशांतनं खुर्चीवर चढून कपाटावरची ट्यूब काढली.

आज शुक्रवार, आठ मे. हे लिहीत असताना शेवटची हाती आलेली माहिती अशी: खंडोजीराव बेळगावहून बसमध्ये बसल्याचा रंजिताचा फोन काल रात्री आला, आणि ते स्टँडवर उतरून आमच्याकडे येताना वाटेत मैसूर बँक चौकाजवळ नारळ घेत आहेत, असा आता दुसरा आला. सुशांत मंगळवारपासून रोज दुपारी गच्चीवर उन्हात बसतो आहे. सढळ हातानं. दर दोन तासांनी. काल मी स्वतः ट्यूब कात्रीनं कापून कडेचं सगळं बोटानं काढून दिलं, आणि अंजलीनं वरून होसूर रोडची धूळ म्हणून कुंडीतली माती लावून पाहिली.

आत्ताच वर जाऊन आलो. भिंग घेऊन पाहिलं. मग खात्रीसाठी अंजलीला पाठवलं. दोन सूत्रं झाली.

अद्याप एकही पुळी आलेली नाही.